वजनाला बसलेला माणूस

प्रबुद्धकाका मुलुंडहून येताना नवाकोरा जॅक घेऊन आला आणि रविवारची वाट लागली.

लालभडक, चाकांवर सरकणारा, लांब दांडीचा जॅक. मोटारगाड्यांच्या मोठ्या गॅरेजात असतो तसला. काकाने तो रिक्षातून उतरवला, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या गॅरेजपर्यंत खडखडत ओढत आणला आणि वाढदिवसाची सायकल द्यावी तशा थाटात आप्पांपुढे उभा केला.

"घ्या आप्पा! हा घसरला तर नाव बदलीन माझं."

आप्पांनी जॅकला एक प्रदक्षिणा घातली. चपलेच्या टोकाने ढोसून बघितलं. धोंडिराम म्हणजे आख्ख्या कॉलनीचे आप्पा. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, लोखंड ओळखण्यासाठी त्यांना चष्मा लागत नसे. "याला म्हणतात जॅक," ते म्हणाले. "तो जुना कसला जॅक? त्यानेच घात केला माझ्या पोराचा."

घराच्या दारात मोबाइल छातीशी धरून त्यांची नात तेजल उभी होती. आजची बैठक तिने जमवली होती. काकाला तिनेच फोन करून करून बोलावलं होतं, मम्मीची रविवारची झोप तिनेच मोडली होती, आणि हे सगळं जॅकसाठी नव्हतं. लिफ्टसाठी होतं.

दीड वर्षापूर्वी याच गॅरेजात तिच्या पप्पाच्या अंगावर बुलेट पडली. पुढचं चाक काढून तो गाडीसमोर पाटावर वाकून बसला होता, आणि गाडी आली ती थेट कमरेवर. त्या दिवसापासून त्याला, अनिरुद्धला, कमरेखाली काही कळत नाही. सुरुवातीला तेजल तो झोपल्यावर त्याच्या तळव्याला गुदगुल्या करून बघायची. एकदा तो जागाच होता. नुसता छताकडे बघत राहिला. मग तिने ते बंद केलं.

"जॅक घसरला," असं त्याने ॲम्ब्युलन्समध्ये सांगितलं होतं, आणि घरात तेच वाक्य उरलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगायचं. मम्मीने तो जुना जॅक भंगारवाल्याला देऊन टाकला आणि बुलेटवर ताडपत्री टाकून तिच्या कडा दोरीने अशा आवळल्या, की जणू आत काहीतरी जिवंत आहे. त्या ताडपत्रीला कुणी हात लावायचा नाही, असा सपनाचा, म्हणजे मम्मीचा, कायदा होता. आणि त्या घरात मम्मीचा कायदा म्हणजे कायदा.

आणि तेजलची नववीची परीक्षा संपली त्या दुपारी पप्पा, जो दीड वर्ष भिंतीकडे तोंड करून पडला होता, ज्याने साधी उशीसुद्धा सरकवून मागितली नव्हती, तो म्हणाला, "तेजू, मोटारसायकलसाठी लिफ्ट मिळतात बघ. गाडी वर येते. बसल्या माणसाच्या हातापर्यंत."

बस, एवढंच. कांदा चिरणाऱ्या मम्मीची सुरी थांबली आणि पुन्हा चालू झाली.

पण तेजलच्या अंगात वारं शिरलं! तिने लिफ्टचा असा काही अभ्यास केला, की भूगोलाचा केला असता तर पहिली आली असती. कात्रीसारखी उघडणारी छोटी लिफ्ट असते, ती फक्त इंजिनाखाली लागते. मागचं चाक उचलून धरणारा नुसता स्टँड असतो. आणि असते ती खरी झकास: लांब लोखंडी टेबल, जमिनीलगत झोपलेलं. गाडी उतरत्या फळीवरून वर चढवायची, पुढच्या चाकाला पकड लावायची, पंप मारायचा, की गाडी सगळीच्या सगळी वर. हव्या त्या उंचीवर अडसर घालायचा. मग पंप बिघडो, तेल गळो, भूकंप होवो, टेबल खाली येत नाही.

तिने ती पप्पाला दाखवली तेव्हा तिला टाळ्यांची अपेक्षा होती. पप्पाने चित्र मोठं करून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मोबाइल परत दिला. "तेजू, हिचा पंप पायाने मारायचाय."

ती दिवसभर स्वतःच्या पायांकडे बघू शकली नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा भिडली आणि हाताने पंप मारायची लिफ्ट शोधलीच. शिवाय पप्पाची व्हीलचेअर बाजूने आत सरकेल अशी, टेबलाखालचे पाय मध्ये न येणारी. गॅरेजची रुंदी मोजली. पावसात गॅरेजमध्ये गटाराचं पाणी शिरतं ते कुठवर येतं, त्याची भिंतीवरची रेघ मोजली. पप्पाने सगळं ऐकलं आणि हळूच विचारलं, "फळीवरून गाडी वर कोण चढवणार?"

"मी! मढच्या बोटीवर नाही चढवायचो आपण?"

वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या बोटीत फळीवरून बुलेट चढवताना पप्पा पुढे हँडल धरायचा आणि पाच वर्षांची तेजल मागून दोन्ही हातांनी ढकलायची. जोर अर्थातच पप्पाचा. पण त्या आठवणीने पप्पा हसला. दीड वर्षाने. म्हणून आज कुणीही 'नाही' म्हणता कामा नये होतं. आज 'नाही' मिळालं तर तो पुन्हा कधी काही मागणार नाही, हे तेजलला लख्ख कळत होतं. ते तिच्याशिवाय कुणालाच कळत नव्हतं, हीच तर पंचाईत.

* * *

चहा झाला. चहाबरोबरच भांडणही झालं.

"मी स्पष्टच सांगते," मम्मी म्हणाली, "जॅक पण नको आणि लिफ्ट पण नको. गाडी विकायची. सरळ."

"वहिनी बरोबर बोलतेय," काका लगेच तिच्या बाजूला सरकला. "दादा, तुला मी मागेच म्हटलं होतं. पार्सलवाले जागा शोधतायत. एवढं गॅरेज, रस्त्याला लागून, घाटकोपरमध्ये! नुसतं पडून आहे."

"मग जॅक कशाला आणलात?" मम्मीने विचारलं.

"आप्पांनी सांगितलं होतं."

"म्हणजे तुम्ही दोन्हीकडून."

"तसं नाही गं वहिनी..."

"तसंच आहे, भावजी. तुम्ही जन्मापासून दोन्हीकडून."

आप्पा खो खो हसले. मग एकदम गंभीर झाले. "गाडी विकायची नाही," ते म्हणाले. "जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा लावून पुढे कोण असतं? आपली बुलेट. यंदा नाही, पुढच्या वर्षी. आणि लिफ्टबिफ्टची चैन कशाला? जॅक आला आहे. वजनाला मी आहे."

वजन म्हणजे काय, ते या घरात लहान पोरालाही माहीत होतं. ही आप्पांची डेपोतली नाही, घरची पद्धत. बुलेट डबल स्टँडवर लावायची आणि एकाने मागच्या सीटवर टेकून बसायचं. मागचा भार वाढला, की पुढचं टोक अलगद वर. मग बिनधास्त पुढचं चाक काढा. वजनाला बसलेल्याने काही करायचं नसतं, फक्त बसायचं. शिंक आली तरी बसून शिंकायचं. "वजन!" असं ओरडलं की समजायचं, हलू नको. तेजल अंगाने भरली तरी तिला कधी तो मान मिळाला नाही. तो मान कायम आप्पांचा.

"त्या दिवशी मी वजनाला होतो म्हणून कमरेवर निभावलं," आप्पा म्हणाले. हे ते नेहमी म्हणत. दवाखान्यात म्हणाले होते, पाहुण्यांना म्हणत होते. "नाहीतर डोक्यावर आली असती गाडी. पोरगं हाती लागलं नसतं."

पप्पा व्हीलचेअरच्या चाकावरची धूळ बोटाने पुसत होता. "आप्पा, तुम्ही आता वजनाला बसायचं नाही," तो म्हणाला.

"का? म्हातारा झालो?"

"बसायचं नाही. बास."

आप्पांचा चेहरा पडला. तेजलला त्यांची दया आली आणि पप्पाचा थोडा रागही. एवढं तुटक कशाला बोलायचं? मम्मीने मात्र तेवढी फट बरोब्बर पकडली. "बघा. यांना जॅकवर भरवसा नाही, वजनावर नाही, मग लिफ्टवर कसा? जॅक लोखंडाचा, लिफ्ट लोखंडाची. जो घसरायचा तो घसरणार. माझ्याकडे आता घालवायला दुसरा नवरा नाहीये."

काकाने बिस्किट बुडवलं, ते चहात तुटून पडलं.

पप्पाने चेअर वळवली. "राहू दे मग," तो म्हणाला. "तेजू, राहू दे. नको."

हेच ते. हाच तो आवाज, भिंतीकडे तोंड केलेला. तेजल ताडकन उठली. यंदाच शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांसमोर न अडखळता बोलली होती ती. पूर्वीची, वर्गात हात वर करायला घाबरणारी तेजल कधीच मागे पडली होती. "राहू दे काय राहू दे? मम्मी, तुला लिफ्ट आणि जॅक एकच वाटतं ना? चल. दाखवते. प्रयोग करून दाखवते. समोर माणूस नसणार, खाली गादी टाकते. आप्पा वजनाला बसतील, काकाचा जॅक लावू, आणि मी जॅक सोडते. गाडी कशी धाडकन येते बघ. जॅकच्या हातात सगळा भार असतो म्हणून येते. लिफ्टला अडसर असतो. तो फरक एकदा डोळ्यांनी बघ, मग नाही म्हण."

"तेजू, नको," पप्पा म्हणाला.

"पप्पा, तू गप. तुझ्याचसाठी चाललंय."

"मी बसतो," आप्पा उठलेच. "म्हातारा झालो का ते पण बघू दे याला."

"ताडपत्रीला हात..." मम्मीने सुरुवात केली. पण आप्पा दोरी सोडत होते, काका त्यांना मदत करत होता, आणि का कोण जाणे, मम्मीने वाक्य पुरं केलं नाही. कदाचित तिलाही एकदा बघायचंच होतं.

* * *

ताडपत्री निघाली. बुलेट तशीच होती. डबल स्टँडवर, पुढचं चाक नाही, चाक धरणाऱ्या पुढच्या दोन नळ्या अधांतरी, इंजिनाखाली शेजाऱ्यांनी त्या दिवशी घाईत सरकवलेला लाकडी खोका. काढलेलं चाक भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होतं. पाट कोपऱ्यात उभा होता. पप्पाचे पाने पत्र्याच्या डब्यात गंजून एकमेकांना चिकटले होते. मम्मीने नाकाला पदर लावला. वास नुसत्या जुन्या ऑइलचा होता.

आप्पांनी मागच्या सीटवर मांड ठोकली. फूटरेस्टवर पाय, मागच्या कॅरियरच्या दांड्यावर हात. "आलं बघ वजन!" टोक चार बोटं वर आलं. काकाने खोका ओढून काढला आणि त्या जागी लाल जॅक सरकवून दांडी मारली. जॅकचा माथा इंजिनाखाली टेकला.

तेजलने गादी पसरली. "माझ्या सहावीच्या पुस्तकात आहे," ती मोठ्याने सांगू लागली. "तरफ. हा स्टँड म्हणजे टेकू. पुढे गाडीचा भार, मागे आप्पा. आणि हा जॅक. आता जॅक घसरला असं समजा."

"तेजू, सोडू नको!"

पप्पा घराच्या दारात होता. गॅरेजमध्ये उतरायला सिमेंटचा छोटा उतार केला होता, त्याच्यासाठीच, आणि त्यावरून तो दीड वर्षात एकदाही उतरला नव्हता. आता तो चाकं हातांनी जिवाच्या आकांताने ढकलत खाली आला. वेगात आला. गुंडाळून टाकलेल्या ताडपत्रीवरून चेअर उडाली, पुढचं चाक तिच्या दोरीत अडकलं, आणि चेअर थांबली ती नेमकी गाडीसमोर. गादीवर. पप्पाचे निर्जीव पाय त्या अधांतरी नळ्यांच्या खाली.

पण तेजलच्या हातातली दांडी तेवढ्यात फिरली होती.

जॅक सुस्कारा टाकून खाली बसला.

गाडी हलली नाही.

केसभरसुद्धा नाही. जॅकचा माथा आणि इंजिन यांच्यामधून पलीकडची भिंत दिसत होती, आणि बुलेट आपली तशीच, नाक वर करून. आप्पा मागे बसलेले होते ना.

"अरे!" तेजलच्या तोंडून निघालं. प्रयोग उलटा आला की होतो तसा तिला क्षणभर चक्क आनंद झाला. "पडलीच नाही! म्हणजे जॅकवर भारच नव्हता. आप्पा बसलेत तोवर जॅक असो नसो, सारखंच. जॅक घसरला तरी काही..."

आणि मग तिला स्वतःचे शब्द ऐकू आले.

काकाने जॅक ओढून घेतला होता, तो त्याची दांडी तशीच धरून उभा राहिला. बाहेरून कुणाच्या तरी टीव्हीवरची जाहिरात ऐकू येत होती. पप्पाने डोळे मिटले होते.

मम्मी पुढे आली. तिने वाकून गाडीखालची मोकळी जागा बघितली, लहान मुलाने बघावी तशी. मग सरळ झाली. "म्हणजे नुसता जॅक घसरल्याने पडत नाही," ती म्हणाली. "आप्पा, तुम्ही वजनाला होता ना त्या दिवशी?"

"होतो."

"बसून होता?"

आप्पांची नजर खिळ्यावरच्या चाकाकडे गेली.

"सपना, पुरे," पप्पा म्हणाला. "आधी ही दोरी सोडव चाकातली."

"तुम्ही गप्प बसा. दीड वर्ष गप्पच आहात." तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरत चालला होता. "शेजाऱ्यांनी मला बसमध्ये फोन केला होता. तुम्ही कण्हत होता ते ऐकू येत होतं. आणि मागे भोंगा चालू होता. विहारातली वंदना चालू होती, आप्पा. मला वाटायचं, निदान तेवढी तरी कानावर होती तुमच्या पोराच्या."

आता त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेली, कॉलनीत जिचे किस्से सांगून लोक हसत, ती गोष्ट कुणीच बोललं नाही. दिवेलागणीला विहारात वंदना लागली, की आप्पा असतील तिथे हात जोडून उभे राहत. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या गालाला साबण असताना उठले होते. एकदा चालत्या रिक्षात उभे राहायला गेले आणि टपाला डोकं आपटून घेतलं. आजी वारली त्या संध्याकाळी तिचा हात हातातून सोडून उभे राहिले होते, आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. ज्या देवळाच्या पायरीवर आपल्या आजोबांना उभं राहू दिलं नाही, त्याचं उट्टं आपण आपल्या विहारासमोर उभं राहून काढतो, असं ते अभिमानाने सांगत. तेजलने लहानपणापासून त्यांची नक्कल करत त्यांच्या शेजारी हात जोडले होते.

बाहेर दिवेलागण झाली होती. भोंग्यात आधी घरघर झाली. कुणीतरी माइक टिचकी मारून बघितला.

"प्रबुद्ध," पप्पा भराभर बोलू लागला, "मला मागे घे. चाक अडकलंय. लवकर घे."

काका धावला, पण गाठ ओढल्याने दोरी आणखीच आवळली. आणि वंदना सुरू झाली.

आप्पांचा उजवा पाय फूटरेस्टवरून खाली आला.

त्यांनी ठरवून केलं असं मुळीच नव्हतं. ते तर मम्मीकडे बघत होते. पायाला सवय होती, पाय निघाला. खांदे वर आले, हात कॅरियरवरून सुटून एकमेकांकडे निघाले, आणि बुलेटचं नाक पप्पाच्या गुडघ्यांवर वाकलं.

"आप्पा, वजन!"

पप्पाची ती हाक तेजल आयुष्यभर विसरणार नव्हती. ती घाबरलेली नव्हती. ती जुनी होती. आधी एकदा मारलेली, पोचायला उशीर झालेली हाक.

आप्पा धपकन बसले. नाक पुन्हा वर गेलं. त्यांचे हात हवेतच होते, जोडायला निघालेले, मध्ये वीतभर अंतर. त्यांनी त्या हातांकडे बघितलं. मग ते हळूहळू खाली नेले आणि कॅरियरचा दांडा असा पकडला, की बोटांची पेरं पांढरी पडली.

वंदना चालू होती. आप्पा बसून होते.

तेजलने कधीही त्यांना ती बसून ऐकताना बघितलं नव्हतं. त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात सोडला नाही. ओठ सवयीने वंदनेबरोबर हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

"जॅक लाव," ते म्हणाले. "तेजल, तू लाव. प्रबुद्धला दोरी बघू दे."

तेजलने जॅक सरकवला. माथा एकदा चुकला, इंजिनाच्या बाजूला आपटला.

"नीट लाव. घाई करू नको. मी बसलोय."

दुसऱ्यांदा माथा बरोबर टेकला. तिने दांडी मारली. मम्मीने कोपऱ्यातून खोका आणून शेजारी सरकवला, मग डब्यातून चिकटलेल्या पान्यांच्या जुडग्यातला एक हिसकून काढला आणि त्याच्या गंजक्या कडेने चाकातली दोरी घासून घासून तोडली. काकाने चेअर मागे ओढली. पप्पाचे पाय नळ्यांखालून बाहेर आले. एक चप्पल मागे राहिली, गादीवर.

"मला उभं राहायचं नव्हतं रे, अनि," आप्पा म्हणाले. "मी उठलो आणि सगळा भार त्या जुन्या जॅकवर गेला, कळलंच नाही मला. खरंच कळलं नाही. तू जॅक म्हणालास, मला वाटलं... मी पण जॅकच म्हणत गेलो. म्हणता म्हणता तसंच झालं होतं, असं वाटायला लागलं."

"माहितेय, आप्पा."

"तू का नाही बोललास?"

पप्पाने गादीवर राहिलेल्या चपलेकडे बघितलं. "बोललो असतो तर तुम्ही परत कधी वंदनेला उभे राहिला असता का?"

मम्मीने झटकन त्याच्याकडे बघितलं. तेजलने आईच्या तोंडावर असला चेहरा आजवर बघितला नव्हता. दीड वर्ष तिने या माणसाची अंथरुणं धुतली होती, आप्पांना सकाळी पहिला चहा नेऊन दिला होता, आणि भंगारात गेलेल्या लोखंडाला शिव्या घातल्या होत्या. आणि या दोघांमध्ये हे होतं. नवऱ्याने बापाला वाचवलं होतं, तिला न विचारता, तिच्याच खर्चाने.

"वहिनी," काका म्हणाला, "पार्सलवाल्यांचं राहू दे. मी बोलतो त्यांच्याशी. दादाला..."

"भावजी, आता कुठल्याच बाजूने बोलू नका."

वंदना संपली. भोंगा खटकन बंद झाला, आणि गॅरेजमध्ये इतकं शांत झालं, की लटकवलेल्या चाकावरची पाल सरकलेली ऐकू आली.

"उतरा आता, आप्पा," पप्पा म्हणाला.

आप्पांनी जॅककडे बघितलं, खोक्याकडे बघितलं, चेअर किती मागे गेली आहे ते बघितलं. मान वर केली. "खरंच उतरू?"

त्यांनी हे पप्पाला विचारलं होतं. पण पुढे झाली ती मम्मी. तिने जॅकचा माथा बोटांनी चाचपला. हँडल धरून गाडीला एक हिसका दिला. गाडी हलली नाही.

"उतरा," ती म्हणाली. हात मात्र दिला नाही. रोज दारातल्या पायरीवर द्यायची, आज नाही दिला. आणि तेजलकडे न बघताच म्हणाली, "ती लिफ्ट मागव. अडसर असलेली."

"मम्मी..."

"मागव म्हटलं ना. बसणाऱ्यावर काही सोडायचं नाही आता या घरात."

तेजलने मोबाइल उघडला. ती लिफ्ट तिथेच होती, हाताच्या पंपाची, पाणी न शिरणाऱ्या उंचीची, तिने दोन आठवडे जीव काढून शोधलेली. तिला हवं ते सगळं तिला मिळालं होतं. अंगठा पडद्यावर ठेवताना तिला कसली तरी शिसारी आली, पण तिने तो ठेवला. मग पप्पाकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो गाडीकडेही बघत नव्हता.

आप्पा उतरत होते. आधी एक पाय जमिनीला लागला. मग, बऱ्याच वेळाने, दुसरा. ते बुलेटच्या शेजारी उभे राहिले. जॅक घट्ट होता, खोका घट्ट होता, समोर कुणी नव्हतं.

तरी त्यांचा एक तळहात मागच्या सीटवर दाबलेलाच होता.